आयर्लंडमधील रुग्णालय कर्मचारी आणि रासायनिक संपर्काचे धोके

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डॉनेगल परगण्यातील लेटरकेनी आणि सीमेपलीकडील डेरी यांत सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरचे अंतर आहे. कोल्हापूरहून निपाणीला जावे जवळपास तेवढेच. दोन्ही ठिकाणी मोठी रुग्णालये आहेत. शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा तुकडा तपासणीसाठी दोन्हीकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीतच जातो, आणि त्या बाटलीचे झाकण उघडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नाकात तीच वाफ शिरते. मात्र त्या वाफेची कायद्याने मान्य केलेली मर्यादा लेटरकेनीत ०.३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग इतकी आहे, तर डेरीत २ पीपीएम. जवळजवळ सातपट फरक. याचा अर्थ डेरीच्या प्रयोगशाळेतील हवा सातपट दूषित आहे असा मुळीच नाही. चांगल्या प्रयोगशाळा दोन्ही मर्यादांच्या खूप खाली राहतात. अर्थ एवढाच, की तीच हवा एका बाजूला बेकायदेशीर ठरू शकते आणि दुसऱ्या बाजूला नियमांत बसू शकते.

ही तफावत ठाऊक नसल्याने एक साधी चूक वारंवार घडते, आणि तिला कारण होते एक संक्षेप. आयर्लंड प्रजासत्ताकात एचएसई म्हणजे ‘हेल्थ सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह’, २००५ पासून सार्वजनिक आरोग्यसेवा चालवणारी संस्था. म्हणजे बहुसंख्य परिचारिकांचा मालक. ब्रिटनमध्ये एचएसई म्हणजे ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’, कामगारांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारी संस्था. इंटरनेटवर ‘एचएसई फॉर्मॅल्डिहाइड’ असे शोधणाऱ्या नवागताच्या हाती बहुधा ब्रिटिश आकडा लागतो आणि तो निश्चिंत होतो. आयर्लंडमधील देखरेख करणारी संस्था वेगळी आहे: ‘हेल्थ अँड सेफ्टी ऑथॉरिटी’, अर्थात एचएसए. आपल्याला लागू असलेले आकडे तिच्या रासायनिक घटकांविषयीच्या आचारसंहितेत पाहावेत. उत्तर आयर्लंडमध्ये काम करणाऱ्यांना मात्र ब्रिटिश पद्धतीचे नियम लागू होतात.

आयर्लंडच्या रुग्णालयांशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते सांगणारे डॉ. अशोक वराडकर १९७० च्या दशकात आयरिश परिचारिका पत्नीसह डब्लिनला आले. त्यांचे पुत्र लिओ, स्वतः डॉक्टर, २०१४ ते २०१६ या काळात देशाचे आरोग्यमंत्री होते आणि पुढे पंतप्रधान झाले. आज भारतीय परिचारिकांत केरळच्या भगिनींचे प्रमाण सर्वाधिक असले, तरी मुंबई, पुणे, नागपूर, सांगली येथून आलेले डॉक्टर, प्रयोगशाळा वैज्ञानिक, औषधनिर्माते आणि हेल्थकेअर असिस्टंटही येथे दिसतात. यांपैकी अनेकांना फॉर्मॅलिनचा वास शवविच्छेदन कक्षापासून परिचयाचा असतो. शस्त्रक्रियागृहात फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम परमँगनेट यांचा धूर करून ‘फ्युमिगेशन’ करण्याची आपल्याकडील जुनी पद्धतही अनेकांनी पाहिलेली असते. डोळे चुरचुरणे हा कामाचाच एक भाग, ही समजूत अशा अनुभवातून घट्ट होते आणि सामानाबरोबर आयर्लंडलाही येते.

फॉर्मॅलिन: ओळखीचा शत्रू

फॉर्मॅल्डिहाइड वायूच्या सुमारे ३७ ते ४० टक्के द्रावणाला फॉर्मॅलिन म्हणतात. नमुन्यांसाठी वापरले जाणारे ‘१० टक्के फॉर्मॅलिन’ म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्मॅल्डिहाइड. ‘फक्त दहा टक्के आहे’ किंवा ‘फक्त चार टक्के आहे’ यांपैकी कोणत्याही वाक्याने दिलासा मानू नये, कारण वाफ सांद्रतेइतकीच उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असते. मोठा नमुना कापण्याच्या टेबलावर पसरला, जुन्या नमुन्यांचे डबे एकत्र ओतले, किंवा शस्त्रक्रियागृहाच्या कोपऱ्यात परिचारिकेने मोठ्या कॅनमधून लहान बाटल्या भरल्या, की हवेतील प्रमाण काही मिनिटांपुरते झपाट्याने चढते. म्हणूनच आठ तासांच्या सरासरीसाठी ०.३ आणि पंधरा मिनिटांसाठी ०.६ पीपीएम अशा दोन मर्यादा आहेत. दिवसभराची सरासरी उत्तम असूनही एखादा पाव तास मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅल्डिहाइडला पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत ठेवले आहे. नाकामागील घशाचा कर्करोग आणि रक्ताचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. २०१९ च्या युरोपीय निर्देशाने वरील मर्यादा ठरवल्या, पण आरोग्यसेवा आणि अंत्यविधी या क्षेत्रांना तयारीसाठी ०.५ पीपीएमची तात्पुरती सवलत दिली. ती ११ जुलै २०२४ रोजी संपली. त्यापूर्वीच्या मोजणीचा अहवाल दाखवून ‘सर्व काही मर्यादेत आहे’ असे कोणी सांगितले, तर तो अहवाल कोणत्या मर्यादेशी ताडून पाहिला होता हे विचारणे रास्त आहे.

वासावर विसंबून राहता येत नाही, कारण नाक फार लवकर सरावते. नवीन माणसाला दारातच जाणवणारा दर्प जुन्याला अर्ध्या तासात जाणवेनासा होतो.

प्रसूतिकक्षातील वायू

१ जानेवारी १८४७ रोजी डब्लिनच्या रिचमंड रुग्णालयात जॉन मॅक्डॉनेल या शल्यविशारदाने ईथर देऊन एका तरुणीचा हात कापला. आयर्लंडमधील ती पहिली भूलयुक्त शस्त्रक्रिया. रुग्णासाठी दिलेला वायू खोलीतील इतरांच्याही फुफ्फुसांत जातो, या साध्या गोष्टीकडे गांभीर्याने पाहायला मात्र पुढे शतकाहून अधिक काळ लागला. आजच्या शस्त्रक्रियागृहात उरलेला वायू नळीवाटे बाहेर ओढून नेला जातो आणि हवा ठरावीक वेगाने बदलली जाते. अडचण आहे ती प्रसूतिकक्षाची.

प्रसूतिवेदना सुसह्य व्हाव्यात म्हणून दिले जाणारे ‘एन्टोनॉक्स’ हे नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू यांचे निम्मे-निम्मे मिश्रण. बाळंतीण ते मुखनळीतून ओढते आणि कळ ओसरली की नळी बाजूला करून खोलीतच उच्छ्वास सोडते. सुईण तिच्या शेजारी तासन्‌तास उभी असते. वायू रंगहीन, वास जवळजवळ नाही, खिडक्या थंडीमुळे बंद. आयर्लंडमध्ये आठ तासांची मर्यादा ५० पीपीएम आहे, ब्रिटनमध्ये १००. तरीही २०२२-२३ मध्ये इंग्लंडमधील काही रुग्णालयांत प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट निघाले आणि काही प्रसूतिकक्षांत हा वायू काही काळ बंद ठेवावा लागला. त्याची झळ बसली ती वेदनेत असलेल्या स्त्रियांना. प्रश्न वायूचा नव्हताच. वायुवीजन यंत्रणा कोणी तपासली नव्हती, हा होता.

नायट्रस ऑक्साइड शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व निष्क्रिय करते. दीर्घ व मोठ्या संपर्कात हातापायांना मुंग्या, रक्तक्षय, मज्जातंतूंची हानी संभवते. मूळचा शाकाहारी आहार आणि त्यामुळे आधीच कमी असलेले बी-१२ ही महाराष्ट्रीय घरांतील नेहमीची गोष्ट असल्याने, या कामावर असलेल्यांनी हे रक्तपरीक्षण करून घेणे शहाणपणाचे. कॅलिफोर्नियातील दंतसाहाय्यिकांच्या पाहणीत, जी १९९२ साली प्रसिद्ध झाली, वायू ओढून नेणारी यंत्रणा नसताना आठवड्याला पाच वा अधिक तास या वायूत काम करणाऱ्या स्त्रियांची प्रत्येक मासिक चक्रात गर्भधारणा होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत ४१ टक्केच आढळली. यंत्रणा असलेल्या दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हा त्या पाहणीचा सांगण्यासारखा भाग.

औषध जे रुग्णाला तारते

कर्करोगावरील पेशीनाशक औषधांची गोष्ट सर्वांत विचित्र आहे. सायक्लोफॉस्फमाइड हे अनेक रुग्णांचा जीव वाचवणारे औषध स्वतःच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. रुग्णाच्या बाबतीत लाभ हानीपेक्षा मोठा असतो. ते टोचणाऱ्या परिचारिकेच्या वाट्याला लाभाची बाजू येतच नाही. १९७९ साली फिनलंडमधील संशोधकांनी ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकांवर परिणाम करणारी द्रव्ये वाढलेली असल्याचे दाखवून दिले, आणि तेव्हापासून औषध मिसळण्याचे काम वॉर्डातील टेबलावरून औषधालयातील बंदिस्त कपाटात गेले.

मिसळणे हलले, पण संपर्क संपला नाही. कुपीच्या बाहेरच्या बाजूवर औषधाचे अंश असू शकतात. सलाइनची नळी जोडताना-काढताना थेंब पडतो. आणि ज्याचा विचार सर्वांत कमी होतो ते म्हणजे रुग्णाची लघवी, उलटी, घाम आणि चादरी: औषध दिल्यानंतर किमान ४८ तास, काही औषधांच्या बाबतीत त्याहून अधिक काळ, या सर्वांत औषध उतरत राहते. बेडपॅन उचलणारा हेल्थकेअर असिस्टंट आणि चादरी गोळा करणारा सफाई कर्मचारी यांना ‘केमो’चे प्रशिक्षण दिले आहे का, हा खरा प्रश्न.

येथे कायद्यातील एक फट लक्षात ठेवावी. रसायनाच्या बाटलीवर लाल चौकटीतील धोक्याची चिन्हे युरोपीय कायद्याने बंधनकारक आहेत. तयार औषधांना मात्र त्यातून सूट आहे. फॉर्मॅलिनच्या कॅनवर कर्करोगाची सूचना देणारा ‘एच ३५०’ हा संकेत असतो, पण तितक्याच घातक औषधाच्या कुपीवर तो नसतो. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी २०२२ च्या युरोपीय निर्देशाने घातक औषधे हाताळणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण आवश्यक केले आणि प्रजननास घातक पदार्थांनाही कर्करोगकारकांच्या नियमांत आणले. आयर्लंडने २०२४ साली त्यानुसार नवे नियम लागू केले. औषधांसाठीची सविस्तर युरोपीय मार्गदर्शिका एप्रिल २०२३ मध्ये निघाली असून कोणत्याही ऑन्कॉलॉजी वॉर्डाने ती हाताशी ठेवावी.

जंतुनाशके, दमा आणि हातमोजे

दुर्बिणीसारखी उपकरणे धुण्यासाठी एकेकाळी सर्वत्र वापरले जाणारे ग्लुटराल्डिहाइड भारतातील अनेक रुग्णालयांत अजूनही परिचित आहे. श्वासनलिका त्याला एकदा संवेदनशील झाली, की पुढे अगदी नगण्य मात्राही दम्याचा झटका आणू शकते; मग हवेतील प्रमाण कायदेशीर मर्यादेत आहे की नाही याला त्या व्यक्तीपुरता अर्थ उरत नाही. अशा पदार्थांवर ‘एच ३३४’ असा संकेत असतो. त्याच्या जागी आलेले पेरॅसिटिक आम्ल बंद यंत्रात वापरले जाते हे चांगले, पण तेही डोळे व श्वसनमार्ग यांना तीव्र दाह करणारेच आहे. सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो आणि सोमवारी परत सुरू होतो, अशी तक्रार असेल तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगितल्याशिवाय निदान अपुरे राहते.

क्लोरीनयुक्त गोळ्या व दाणे यांचे दोन नियम साधे आहेत. ते आम्लधर्मी क्लीनरमध्ये मिसळू नयेत, आणि सांडलेल्या लघवीवर थेट टाकू नयेत. दोन्ही प्रसंगी विषारी क्लोरीन वायू सुटू शकतो. लघवी आधी टिपून घ्यावी, जंतुनाशक नंतर.

दोडामार्गच्या बाजूला ज्याच्या बागा दिसतात त्या रबराच्या चिकापासून बनणारे लेटेक्सचे हातमोजे गेल्या शतकाच्या शेवटी अनेक परिचारिकांच्या ॲलर्जीचे कारण ठरले. आतील पावडर लेटेक्सची प्रथिने हवेत पसरवत असे. वेल्समधील स्वान्सी येथील अशाच एका परिचारिकेच्या दाव्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००२ साली सांगितले, की संपर्क रोखण्याचे वा पुरेसा आटोक्यात ठेवण्याचे मालकाचे कर्तव्य ‘आम्हाला धोका माहीत नव्हता’ या सबबीने टळत नाही. तो निवाडा आयर्लंडवर बंधनकारक नाही, तरी येथील वकील त्याचा आधार घेऊ शकतात.

अस्थिशल्यक्रियेतील हाडांच्या सिमेंटची वाफ, कृत्रिम प्लास्टरमधील आयसोसायनेट, दंतवैद्यकातील पारा हेही याच यादीतले. त्यांपैकी दातांत भरायच्या पारायुक्त मिश्रणावर युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून मोजके वैद्यकीय अपवाद वगळता बंदी घातली.

कधी कधी धोका संरक्षणाच्या साधनातूनच येतो. करोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, आयर्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरात असलेला एक हँड सॅनिटायझर मेथॅनॉल आढळल्यामुळे परत मागवण्यात आला. २२ ऑक्टोबरला रात्री शाळांना निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी काही शाळा उघडल्याच नाहीत. वारंवार वापराने त्वचेचा दाह, डोळ्यांची व श्वसनमार्गाची जळजळ आणि डोकेदुखी संभवते, असा इशारा कृषी खात्याने दिला. कृषी खात्याने, कारण आयर्लंडमध्ये जंतुनाशकांची नोंदणी त्याच खात्याकडे आहे. अशा उत्पादनावर खात्याचा ‘पीसीएस’ क्रमांक असतो.

मास्क शेवटी येतो

आयरिश नियमांत उपायांचा क्रम ठरलेला आहे. आधी घातक पदार्थ टाळता येतो का ते पाहायचे, मग कमी घातक पर्याय, मग बंदिस्त यंत्रणा आणि उगमाशीच वाफ ओढून घेणारे वायुवीजन. हातमोजे व मास्क सर्वांत शेवटी. व्यवहारात हा क्रम उलटा होतो, कारण मास्क स्वस्त असतो. करोनामुळे घरोघरी पोचलेला एफएफपी२ मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. फॉर्मॅलिन सांडल्यावर तो लावून पुसायला जाणे म्हणजे तोंडावर रुमाल बांधून जाण्यासारखेच. तपासणीचे पातळ हातमोजेही शिंतोड्यापुरते असतात, ते लगेच बदलायचे.

प्रत्येक रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका सोळा विभागांची असते. सोळाही वाचणे कोणाला जमत नाही. चौथा प्रथमोपचाराचा, आठवा मर्यादा व संरक्षणाचा आणि अकरावा विषारीपणाचा, एवढे तीन तरी वाचावेत. २००५ च्या सुरक्षा कायद्यानुसार मालकाने लेखी जोखीम मूल्यमापन करून सुरक्षा निवेदन तयार ठेवायचे असते, आणि माहिती व प्रशिक्षण कर्मचाऱ्याला समजेल अशा स्वरूपात व भाषेत द्यायचे असते. एजन्सीमार्फत आलेल्यांनाही हे संरक्षण आहे.

गर्भवतीचा हक्क

गर्भवती, नुकतीच प्रसूत झालेली वा स्तनपान देणारी कर्मचारी यांच्यासाठी वेगळे जोखीम मूल्यमापन बंधनकारक आहे. त्यासाठी गरोदरपणाची सूचना लेखी द्यावी लागते, आणि येथेच अनेक भारतीय स्त्रिया मागे राहतात. पहिले तीन महिने कोणाला सांगायचे नाही ही आपल्याकडची रीत. केमो औषधे आणि भुलीचे वायू यांचा धोका मात्र त्याच तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. धोका दूर करता आला नाही आणि दुसरे सुरक्षित कामही देता आले नाही, तर १९९४ च्या मातृत्व संरक्षण कायद्याखाली ‘हेल्थ अँड सेफ्टी लीव्ह’ मिळते. पहिले २१ दिवस वेतन मालक देतो. त्यानंतर शासकीय भत्ता, पण तो पीआरएसआय विम्याच्या पुरेशा हप्त्यांवर अवलंबून असल्याने नुकत्याच आलेल्यांनी आपली पात्रता आधीच तपासावी.

तक्रार, परवाना आणि कागद

तक्रार केली तर परवाना जाईल, ही भीती सार्वत्रिक आहे. २००५ च्या कायद्याचे २७ वे कलम सुरक्षिततेविषयी तक्रार करणाऱ्यावर सूड उगवण्यास मनाई करते. तसे झाल्यास सहा महिन्यांच्या आत वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे दाद मागता येते. परवान्यावर आलेल्यांना पूर्वी पहिला मालक बदलण्यासाठी बारा महिने थांबावे लागे. सप्टेंबर २०२४ पासून ही मुदत नऊ महिन्यांवर आली. तरी सुरुवात वॉर्डातील सुरक्षा प्रतिनिधी किंवा परिचारिकांच्या संघटनेकडून करणे बरे. एकट्याचा ईमेल आणि प्रतिनिधीचे पत्र यांत फरक पडतो. त्यानंतरही काही हलले नाही तर एचएसए आहेच. या कायद्याखालील गंभीर गुन्ह्यासाठी ३० लाख युरोपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

नुकसानभरपाईची मुदत मात्र निष्ठुर आहे. आजार कामामुळे झाला हे कळल्यापासून, किंवा कळायला हवे होते तेव्हापासून, दोन वर्षे. आधी इंज्युरीज रेझोल्यूशन बोर्डाकडे अर्ज, मग गरज पडल्यास न्यायालय. सरकारी रुग्णालय असेल तर समोर स्टेट क्लेम्स एजन्सी असते. म्हणून फॉर्मॅलिन सांडले, सुई टोचून औषध अंगावर आले, प्रसूतिकक्षात चक्कर आली, तर त्याच दिवशी घटनानोंद करून तिची प्रत स्वतःकडे ठेवावी. तीन दिवसांहून अधिक रजा पडलेला अपघात एचएसएला कळवणे मालकावर बंधनकारक आहे.

कर्करोगकारक पदार्थांशी संपर्क येणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांच्या वैद्यकीय नोंदी संपर्क संपल्यानंतर किमान ४० वर्षे जपून ठेवाव्यात, असा नियम आहे. केवळ प्रजननास घातक पदार्थांसाठी ही मुदत ५ वर्षांची. आपल्यापुरती नोंद पाहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. २०२६ साली कॉर्कची प्रयोगशाळा सोडून पुण्याला परतणाऱ्या वैज्ञानिकाची नोंद त्या हिशेबाने २०६६ पर्यंत तेथे असली पाहिजे. ती पुण्यातल्या डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर कॉर्कशी पत्रव्यवहार करावा लागेल. निरोपाच्या आठवड्यातच ऑक्युपेशनल हेल्थ विभागाकडून प्रत मागून घेतली तर तो टळतो.